गुळवणीनंतरची सकाळ

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. आमच्या गावच्या जत्रेत मी दुपारी कुस्ती मारली आणि संध्याकाळी थोरल्या भावाशी पैज लावून पुरणपोळ्या हाणल्या. वर गुळवणी वाटीनं नव्हे, तांब्यानं प्यायलो. तेव्हा मी विशीत होतो. अंगात रग भरपूर आणि अक्कल गुडघ्यात.

सकाळी जाग आली तर पाय हलेनात. हात कोपरापर्यंत जेमतेम उचलले जात होते. तोंड मात्र शाबूत होतं, म्हणून ओरडलो. आई धावत आली, शेजारी जमले. कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणालं कुस्तीत शीर दबली. आमच्या उसाच्या मुलखात माणूस गळाठला की त्याला गुळाचं पाणी पाजतात, ताकद येते म्हणून. आईनंही तेच पाजलं. थोड्या वेळानं हातही लुळे पडले, तसा तिनं पाण्यात गूळ आणखी वाढवला. नको म्हटलं तरी डोकं मांडीवर घेऊन पाजतच राहिली.

मग छातीत गडबड सुरू झाली. ठोके पळायचे, मधेच एखादा गळायचा, आणि पुढचा येतोय की नाही याची वाट बघत मी पडून राहायचो. साफ सांगतो, मला मरणाची भीती वाटली. भावानं कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रक अडवला, ड्रायव्हरच्या हातापाया पडून तो सांगलीकडे वळवायला लावला. वाटभर आईनं माझी मान दोन्ही हातांनी सावरून धरली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला आणि काय खाल्लं ते विचारलं. भाऊ गुळापर्यंत आला तसा त्यांचा चेहरा उतरला. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय, म्हणाले. काहींना गोड जास्त झालं की असं होतं, स्नायू लुळे पडतात आणि हृदयाची लय बिघडते.

"आता गोडाचा कणसुद्धा देऊ नका," त्यांनी भावाला बजावलं. "ठोका थांबू शकतो."

आई तेव्हा गणपतीच्या देवळात नवस बोलायला गेली होती.

मला खारट, कडवट औषध थोडं थोडं पाजत राहिले. यंत्रातून कागद निघाला की भाऊ त्यावरच्या रेघा बघायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी बघायचा. दिवस कलताना माझ्या पायाची बोटं हलली. भाऊ डॉक्टरांना सांगायला धावला आणि व्हरांड्यात आई भेटली, तिला 'उतार पडला' एवढंच म्हणून पुढे गेला.

ती आत आली ती पदराखालचा पेढा काढतच.

"तोंड गोड कर, माझ्या लेका."

"नगं, आई. डाक्टर म्हनत्यात..."

आनंदात तिला काही ऐकू येईना. पेढा ओठांना लागला. होती नव्हती तेवढी ताकद लावून मी हात झाडला. तो तिच्या मनगटावर फाडकन बसला आणि पेढा खाटेखाली गेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई पेढ्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडेही नाही. माझा हात उलटासुलटा करून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"हालला रं," ती म्हणाली. "आनि येकदा मार."