घडीतली वाळू

विद्यापीठाच्या दप्तरखान्यात मी एका गावच्या तळ्याविषयीची जुनी मोडी पत्रं वाचायला बसलो होतो. लाल कापडाचा रुमाल सोडून पहिलं पत्र उलगडलं, तर घडीतून चिमूटभर वाळू टेबलावर सांडली. धूळ समजून मी फुंकर घालणार, तेवढ्यात दप्तर सांभाळणाऱ्या कदमबाईंनी हात आडवा धरला.

"थांबा सर. शाई सुकवायला टाकलेली वाळू आहे ती."

मऊ ब्रशने त्यांनी कण न् कण गोळा केला, पुडी बांधली आणि वर पत्राचा क्रमांक घातला. कपाटात अशा कितीतरी पुड्या होत्या.

"याचा उपयोग काय?" मी विचारलं.

"मला मोडी वाचता येत नाही, सर. पण उद्या कुणी विचारलं, ही वाळू कुठल्या नदीची, तर?"

मी इतकी वर्षं अक्षरंच वाचत आलो. लिहिणारा ज्या ओढ्याकाठी राहत असेल, तो ओढा प्रत्येक घडीत होता आणि मी तो आजवर किती ठिकाणी फुंकून टाकला असेन, कोण जाणे. बाईंनी मात्र अजून कुणी न विचारलेल्या प्रश्नासाठीही जागा राखून ठेवली होती.

पुढचं पत्र मी श्वास रोखून उघडलं.