आमच्या नावातली देवणी

माझं माहेर हदगावजवळचं, आणि माहेरचं आडनाव देवणीकर. देवणी राहिली पार तिकडे लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या पुढे. एवढ्या एका आडनावापायी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर टोमणे ऐकले. बांधावरून कुरबुर झाली की समोरचा हमखास म्हणायचा, तुम्ही बाहेरचे, जा तुमच्या देवणीला. दादा ते मनाला लावून घेत. जत्रेच्या बैठकीतही कडेला बसत आणि कुणी विचारलं तरच बोलत. मला त्या बोलणाऱ्यांपेक्षा दादांचाच जास्त राग यायचा.

गेल्या वर्षी आजारातून उठल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, एकदा आपलं गाव दाखव. मी गाडी काढली. देवणीत बसस्टँडजवळच्या हॉटेलात चौकशी केली, तर चहा पिणारी मंडळी हसायलाच लागली. देवणीत देवणीकर कसा सापडणार? गाव सोडून गेला तरच माणूस 'कर' होतो. एवढी साधी गोष्ट आम्हाला घरून निघताना सुचू नये, याची मला लाज वाटली. पण इथून कुणी हदगावकडे गेल्याचंही तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. भावकी सांगून पाहिली, कुलदैवत सांगून पाहिलं. काहीच धागा लागेना. आता ना ते गाव आपलं, ना हे, असं परतीच्या वाटेवर दादांना झालं असणार.

घरी न जाता आम्ही हिमायतनगरला आत्याकडे गेलो. आत्या दादांहून मोठी. देवणीहून आलो म्हटल्यावर जेवण वाढता वाढता ती थांबलीच.

"तिथं काय हाय आपलं? आजा तर वळू आणाया गेल्ता तिथं, तेवढंच."

मग तिनं सगळं सांगितलं. माझ्या पणजोबांनी देवणीच्या बाजारातून काळ्या ठिपक्यांचा वळू आणला होता. आसपासच्या गावांतल्या गाई त्यांच्या दारी येऊ लागल्या. लोक म्हणायचे, गाय देवणीवाल्याकडे न्या. पुढे आजोबांचं नाव शाळेत घालताना मास्तरांना 'वाला' काही शुद्ध वाटेना, म्हणून त्यांनी 'कर' करून टाकलं. मास्तरांचं मराठी शुद्ध झालं आणि आमचं गाव गेलं.

आजवर हे बोलली का नाहीस, मी जरा चिडूनच विचारलं. ती म्हणाली, लग्न करून दिलेल्या बाईला माहेरच्या आडनावाचं कोण विचारतंय? मी तरी ते कुठे लावते?

दादा आधी हसले. म्हणजे बाहेरचा काय तो वळूच होता, म्हणाले. मग त्यांचे डोळे भरून आले.

"अक्का, म्या अख्खा जन्म पाव्हण्यावानी काढला गं."

मला रडू आवरेना. आत्यानं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"मंग आता ऱ्हा की घरच्यावानी."