फेटा बांधून बसलेली निवड समिती

आमच्या सातारा-सांगलीत बास्केटबॉल कळणारी माणसं किती, असं कोणी विचारलं तर मी विचार करायला थांबत नसे. एक, म्हणायचो. सैन्यात अकरा वर्षं मी युनिटच्या संघात पॉइंट गार्ड होतो. चेंडू पुढे न्यायचा, बाकीचे चौघं कुठे पळतायत ते हेरायचं आणि ज्याला मोकळी जागा मिळणार आहे त्याच्याकडे तो पोचायच्या आधी चेंडू सोडायचा, हे ते काम. निवृत्त होऊन साताऱ्यात आलो तर मैदानावर सगळे भरतीसाठी छाती फुगवून पळतायत आणि बास्केटच्या दोन खांबांना दोरी बांधून कोणीतरी सतरंज्या वाळत घातल्यात.

दोन वर्षांपूर्वी सांगलीला विभागाच्या मुलींच्या संघाची निवड होती. समितीत आम्ही तिघं. एक मूळचा कबड्डीवाला, त्याला कुठलाही खेळाडू फक्त वजनावरून कळायचा. दुसरा सांगलीचाच, स्वतः सहा फुटी, आणि बुटक्यांनी कॅरम खेळावा असं उघड म्हणणारा. मी पाच फूट पाच इंच. माझ्याशी बोलताना तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायचा. अशा दोघांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं म्हणजे मला कमीपणा वाटायचा.

फाटकावरच रहिमतपूरचा एक शिंपी भेटला. मुलगी साताऱ्याच्या हॉस्टेलवर राहून शिकत होती, खेळायला लागून तिला जेमतेम दीड वर्ष झालेलं.

"आवं सर," तो म्हणाला, "यंदा संघात आली तर पुढचं कॉलेजबी साताऱ्यातच करू देतो. न्हाई तर परत घरला. आमच्याकडं कुठं आलाय ह्यो खेळ?"

"अब्बा, चला आता," म्हणत तिनं त्याची बाही ओढली. ती पॉइंट गार्ड होती. पॉइंट गार्डची एकच जागा भरायची होती.

"बघू की," मी म्हणालो.

सामना सुरू झाला आणि पाहुणे आले. त्यांना पुढे एका लग्नाला जायचं होतं. आपल्याकडे सत्काराशिवाय चमचा-लिंबूसुद्धा होत नाही. संयोजक म्हणाले, पोरी खेळू देत, तोवर सत्कार उरकून घेऊ. फेटेवाला आला. पाहुण्यांना फेटा, मग आम्हा तिघांना फेटा, शाल, नारळ. फोटोग्राफरला मागे मैदान हवं होतं, म्हणून त्यानं आम्हाला मैदानाकडे पाठ करून उभं केलं. कबड्डीवाल्याचा फेटा दोनदा सुटला. सहा फुट्याला बांधायला फेटेवाला खुर्चीवर चढला. पहिला हाफ असा गेला.

मला ऐकू येत होतं. चेंडूचे दोन टप्पे, मग शांत, मग लगेच बास्केटची जाळी वाजायची आणि बाकावरच्या पोरी ओरडायच्या. पुन्हा दोन टप्पे, पुन्हा जाळी. कोणीतरी अगदी वेळेवर चेंडू देतंय हे मला कळत होतं. मान वळवायला किती वेळ लागतो? पण तेवढ्यात फोटोग्राफर "सर, इकडं बघा" म्हणाला आणि मी इकडे बघितलं.

दुसऱ्या हाफात आम्ही खुर्च्यांवर बसलो आणि निवडीच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही संघांतल्या मुलींची अदलाबदल झाली. शिंप्याच्या पोरीला चार नव्या मुली मिळाल्या. ती मोकळ्या जागेत चेंडू सोडायची आणि जिनं तिथे पोचायचं ती मुलगी अजून बास्केटकडे तोंड करून उभी असायची. चेंडू कुणाच्या खांद्याला लागला, कुणाच्या मागून बाहेर गेला.

"हिच्या हातात बॉलच ऱ्हात न्हाई रं," कबड्डीवाला म्हणाला.

दुसरी पॉइंट गार्ड चांगली उंच होती. तिनं कोणालाच चेंडू दिला नाही, सगळं स्वतःच केलं, त्यामुळे तिची चूक एकही दिसली नाही.

मग तक्ता भरायचा होता. 'भावी क्षमता' या रकान्याशी सहा फुट्या अडला. त्यानं कुंपणापाशी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या शिंप्याकडे नीट बघून घेतलं, "बाप पाच फूट दोन, ही काय वाढणार?" म्हणाला आणि 'कमी' लिहून टाकलं. बैलबाजारात तरी जनावर चालवून बघतात.

हे मी मनातल्या मनात म्हटलं. मोठ्यानं बोलायचं तर पहिल्या हाफाचा विषय निघाला असता. त्या हाफाला दहापैकी गुण द्यायचे होते. त्या दोघांनी न बघता पाच-पाच दिले होते. मीही पाच दिले आणि सही केली. उंच मुलगी संघात गेली.

यादी वाचून झाल्यावर ती पोरगी माझ्यापाशी आली.

"सर, पैल्या हाफात माझं काय चुकलं?"

"शूटिंग वाढव," मी म्हणालो. "उंची नाही, तर शूटिंग तरी पाहिजे."

तिनं माझ्या फेट्याकडे बघितलं. "तवा तुमची पाठ हुती, सर. म्हणून इचारलं."

फेटा काढायला हात वर केला तर तो इतका घट्ट बसलेला की निघेना, आणि ती तोवर बापाकडे निघूनही गेली होती. त्याच महिन्यात तिनं हॉस्टेल सोडल्याचं साताऱ्यात कळलं.

सत्काराचा फोटो सुनेनं मोठा करून बैठकीच्या खोलीत लावलाय. पुढे आम्ही तीन फेटेवाले छाती काढून उभे. मधल्या फटीतून मागे ती पोरगी दिसते. नजर डावीकडे, तिला अडवणाऱ्या दोघी डावीकडे झुकलेल्या आणि चेंडू उजवीकडे सुटलेला. उजवीकडची मुलगी अजून हात वर करतेच आहे. पहिल्या हाफातला तिचा एवढाच खेळ मी पाहिला. दीड वर्षात तिला जे जमलं ते मला अकरा वर्षांत जमलं नव्हतं.

येणारेजाणारे फेट्याचं कौतुक करतात. कसला रुबाब दिसतोय, म्हणतात. मागे कोण आहे हे आजवर कोणी विचारलं नाही, आणि मीही बोट दाखवत नाही.