आईच्या वजनावर आवळलेले नट

आमच्या जामखेडच्या घरात घंटीची भाषा चालते. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. रिटायर झाले तरी सवय जाईना. जेवताना ताटावर एकदा टिचकी वाजली की वाढणं बंद, दोनदा वाजली की अजून भाकरी आणायची. आई करवादते, "तोंड न्हाई का माणसाला?" आणि भाकरी वाढते.

रिटायर झाल्यावर दादांनी एक जुनी पांढरी अँबॅसिडर घेतली आणि तिचे असे काही लाड केले की आम्हा भावंडांना तसले कधी मिळाले नाहीत. विजयादशमीला आमच्याकडे सकाळी विहारात वंदना असते, दुपारी गोडाचं जेवण. गाडीला हार-नारळ काही नाही. पण सगळ्या गल्लीच्या गाड्या झळकत असताना आपली तशीच कशी ठेवायची? म्हणून दादा फवारणीचा हातपंप घेऊन गाडीखाली शिरायचे आणि चाकापासून स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत डिझेल मारायचे. गंज लागत नाही म्हणे. पुढं पुढं तर दसऱ्याचीही वाट बघेनात. गाडी जरा कुरकुरली की मार डिझेल.

तरी गाडी कुरकुरायचीच. खड्ड्यात गेली की पुढून खाडकन वाजायची, आणि बसणाऱ्याच्या कमरेत कळ जायची. एकदा नगरहून येताना आई म्हणाली, "अवो, गाडीचं कायतरी गेलंय. कंबर मोडली माझी." दादा गाडीविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाहीत. म्हणाले, "गाडी ठणठणीत हाय. तुझ्याच हाडांचे बुश गेल्यात."

झालं! आईनं गाडी थांबवायला लावली, खाली उतरली आणि मागून येणाऱ्या जीपला हात केला. "या डबड्यात परत पाय ठिवणार न्हाई," म्हणाली, आणि खरंच ठेवला नाही. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाकार्याला ती एसटीनं जायची आणि दादा रिकाम्या सीटशेजारी बसून मागं मागं गाडी आणायचे. लोक हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही. दादांनी ती गाडी आईला शेजारी बसवून फिरायलाच तर घेतली होती. नोकरी असताना त्यांच्या गाडीत सगळा तालुका बसला, आई मात्र कधीमधीच, तीही मागच्या बाकड्यावर.

यंदा मामाच्या नातीचं लग्न ठरलं, अकोल्याला. म्हणजे आमच्याच नगर जिल्ह्याच्या या टोकापासून पार त्या टोकाला. आईनं जाहीर केलं की ती नगर आणि संगमनेरला गाड्या बदलत एसटीनं जाणार. त्याच संध्याकाळी दादांचा मला फोन. मी संगमनेरला आयटीआयमध्ये गाड्यांचं काम शिकवते.

"पुढचे बुश बदलायचेत. येतीस का?"

"का? गाडी तर ठणठणीत हाय ना?"

"येताना बुश घिऊन ये," म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी लिंबाखाली गाडी जॅकवर चढवली, चाकं काढली. बुश म्हणजे काय, तर लोखंडाच्या दोन भागांमध्ये बसवलेलं जाड रबरी कडं. धक्का ते खातं, म्हणून माणसाला बसत नाही. दादांच्या गाडीचं कडं मी बोटानं दाबलं तर चहात बुडवलेल्या खारीसारखं चुरा होऊन हातात आलं. फुगलेलं, पिलपिलीत. वास घेतला. डिझेल!

माझं डोकंच सणकलं. "दादा, रबराला डिझेल पाजता व्हय? खाल्लं की हो त्यानं सगळं रबर! इतकी वर्षं गाडी हाणली आणि हे ठाऊक न्हाई?"

"येष्टीत आमी नुसती हाणायचो. खालचं डेपोवाले बघायचे." मग त्यांनी ते चुरा झालेलं रबर बोटांत चोळून बघितलं. "म्हंजे तवा गाडीचंच गेल्तं," हळूच म्हणाले. "ती खरं बोलत हुती."

"आता हे मला कशाला सांगता? स्वैपाकघर तिकडं हाय."

ते गेले नाहीत. आम्ही जुनं रबर ठोकून काढलं, साबणाचं पाणी लावून नवे बुश दाबून बसवले. मध्येच त्यांचा हात सवयीनं ग्रीसच्या डब्याकडं गेला, तर मी हातावर चापट मारली. ग्रीसही रबर तसंच खातं. चाकं चढवली, जाड फळ्यांवर गाडी उतरवली आणि मी खाली सरकले.

आता नट आवळायचे होते. रबरी बुशचा नट गाडी अधांतरी असताना पक्का आवळायचा नसतो. गाडी चाकांवर उभी पाहिजे. आत रोज बसणारी माणसं असली तर फारच छान, म्हणजे रबर त्या वजनाला शांत बसतं. नाहीतर पिळवटून राहतं आणि लवकर फाटतं.

"तुमी बसा स्टेरिंगवर," मी खालून ओरडले. "शेजारी ज्वारीचं पोतं ठेवा."

दादांचे पाय हलेनात. मग म्हणाले, "तितं पोतं न्हाई ठेवायचं."

आणि ते पाय स्वैपाकघराच्या दाराकडं गेले. मला सगळं ऐकू येत होतं.

"ऐकलंस का? जरा गाडीत येऊन बस."

"मी? माझ्या हाडांचे बुश गेल्यात ना?"

"न्हाई गं. गाडीचेच गेल्ते. ते बी मीच घालवले, डिझेल मारून मारून. तुला उगाच बोललो. चुकलं माझं."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. दादांच्या तोंडून "चुकलं" हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. आईनंही बहुतेक कधी ऐकला नसावा. मग अनवाणी, पीठ सांडलेली पावलं गाडीपाशी आली.

"वजन म्हनून बसती हाय," तिनं बजावलं. "बसले म्हंजे आले असं न्हाई."

दार लागलं. दुसरं दार लागलं. गाडी दोघांच्या भारानं जराशी खाली बसली, आणि मी नट आवळायला घेतले. काम पटकन झालं. बाहेर सरकणार, तेवढ्यात डोक्यावरच्या पत्र्यावर दादांनी टाच आपटली. एकदाच. थांब!

थांबले. पडल्या पडल्या पाना उगीच लोखंडावर वाजवत राहिले. वर दोघं बोलत होते. मामाचं नवं घर, भाताचं पीक, लग्नात कुठलं लुगडं नेसायचं. आई एकदा चक्क हसली.

"पोरी," ती मध्येच म्हणाली, "कवाचं आवळून झालंय. नुसतं कशाला वाजवतीस? नीघ भायेर."

मी निघाले. अंग झटकत बघते तर दादा स्टेरिंग धरून समोर बघत बसलेले. किल्ली फिरवायची हिंमत नाही, आणि तिला उतर म्हणायचीही नाही. आईनं पिठाचा हात पदराला पुसला, खिडकीतून बाहेर काढला आणि दारावर दोनदा थाप मारली.