मोठ्या बहिणीचा नकार
भिजवलेल्या तेंदूपानांचा वास आला की मला ती संध्याकाळ आठवते. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. माझी मोठी बहीण चौथी पास होऊन घरीच बसली होती आणि ओसरीवर बिड्यांसाठी पानं कापत होती. बाबा धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी आले, तिच्याजवळ टेकले आणि हळूच म्हणाले, "आमगावले शिकाले जातेस का? मावशी ठेवून घेईन म्हणते. तू म्हणशील तसं." खरंच, कोणी तिला अडवलं नव्हतं. तिने चुलीकडे पाहिलं, झोळीत रडणाऱ्या धाकट्या भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही जात मी." मागाहून भांडी घासताना मी विचारलं, "काऊन नाही म्हटलंस वं बाई?" ती राख चोळत राहिली. मग म्हणाली, "मले जाचं होतं. पण तोंडातून दुसरं काही निघालंच नाही." पुढे बिड्या वळता वळताच तंबाखूच्या धुरळ्याने तिची छाती गेली आणि त्यातच ती वारली. शिकायला न जाणं ही तिचीच मर्जी होती, असं गावात अजून म्हणतात. मी आता म्हातारी झाले. ती संध्याकाळ कितीदा उलटून पाहिली, पण तिला 'हो' म्हणता आलं असतं अशी जागा मला त्यात कुठेच सापडत नाही.