भिमाबाईची सही

आमच्या कामगार वसाहतीत सही यायला लागली म्हणून पेढे वाटणारी बाई एकच, नऊ नंबरची भिमाबाई. तिचा नवरा सहादू नागापूरच्या एका कारखान्यात होता. तो गेल्यावर खोलीचं भाडेपत्र तिच्या नावावर झालं आणि ती त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासू लागली. पन्नाशीत विहारातल्या वर्गाला बसून ती नाव लिहायला शिकली. "अंगठा माझ्या आईपतुर. आता न्हाई," असं म्हणायची. वाचायला मात्र आलं नाही. आणि कागदात काय लिहिलंय हे विचारायची तिला लाज वाटे. सही येणाऱ्या बाईनं कशाला विचारायचं?

चौऱ्याण्णव साली वसाहतीच्या मालक गृहनिर्माण मंडळानं खोल्या भाडेकरूंनाच मालकीनं द्यायचं ठरवलं. अट अशी, की इमारतीतल्या चोवीस जणांनी सोसायटी करून सगळे कागद एकत्र द्यायचे. एकाचा अडला तर सगळ्यांचे परत. भिमाबाई हरखून गेली. गावकुसाबाहेर जन्मलेल्या बाईच्या नावावर चार भिंती होणार होत्या. दाराला कोणता रंग द्यायचा हे तिनं दहा जणांना विचारलं.

तिचे कागद केले महेंद्रनं. हा तिचा पुतण्या, कर्जतकडचा. तिच्याच खोलीत राहून, तिच्या हातचं खाऊन बी.ए. झाला आणि कुठल्याशा कचेरीत चिकटला. शिकलेला माणूस आपल्या माणसाला बुडवत नाही, अशी तिची श्रद्धा. त्यानं बोट ठेवलं तिथं तिनं सही केली, प्रत्येक अक्षर घोटून. त्या कागदात लिहिलं होतं, की मी माझा हक्क राजीखुशीनं पुतण्याला सोडते. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले, पण याच्याइतका सभ्य चेहऱ्याचा नाही. आजही त्याचं नाव निघालं की मला थुंकावंसं वाटतं.

थुंकायचा अधिकार मला नाही, ही गोष्ट वेगळी. मी यशया, मिशनच्या शाळेतला मास्तर, खोली नंबर दहा. साक्षीदाराच्या सहीसाठी तो कागद माझ्याकडे आला. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि महेंद्रकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, घरातली बाब आहे. उद्या शेवटची तारीख. तुम्ही शंका काढली तर अख्ख्या इमारतीची फाईल राहील." अख्खी इमारत म्हणजे माझी खोलीसुद्धा. भिंतीपलीकडं भिमाबाई भाकऱ्या थापत होती, आवाज येत होता. मी सही केली. नंतर प्रार्थनासुद्धा केली, इतका निर्लज्जपणा माणसात असतो.

वर्षभरात मालकीचे कागद आले. सोसायटीनं फोटो काढले, हार घातले. नऊ नंबरचा मालक महेंद्र. दोन महिन्यांत त्यानं खोली भाड्यानं दिली आणि चुलतीला सांगितलं, की तुम्ही आता गावी जाऊन राहा. इमारतीतल्या तेवीस घरांना ते कळलं. तेवीस घरांनी चुकचुक केली आणि चहा प्यायला.

जायच्या दिवशी भिमाबाई त्या कागदाची नक्कल घेऊन माझ्याकडे आली. बाहेर ट्रंक ठेवली होती.

"गुरुजी, ही माझीच सही हाय ना?"

"आहे."

"अन् ही खालची तुमची?"

"माझी."

"तुमी वाचून केली हुती का?"

मी म्हणालो, "नाही भिमाबाई. घाईत होतो. वाचलं नाही."

तिचा चेहरा एकदम निवळला. कागद घडी करून तिनं कमरेला खोचला आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"मंग मनाला लावून घिऊ नका," ती म्हणाली. "माझं बी तसंच झालं."