सतरंजीबाहेरचे भावजी

जगात कुठल्याही गोष्टीने कुणाचंही भलं होतं, हे पुराव्याशिवाय मान्य न करणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो नेमका माझा दीर निघाला. सख्खा नव्हे, चुलत. ह्यांच्या मोठ्या काकांचा मुलगा. भावजी मूळचे नागपूरचे, पण इतकी वर्षं लंडनच्या ईलिंगमध्ये एकटे राहतायत की थंडीबद्दल कुरकुर करायचंही विसरलेत. त्यांचं काम मूल्यमापनाचं. म्हणजे असं, की इथली कौन्सिलं आणि धर्मादाय संस्था लहान मुलांचे खेळगट चालवतात, शाळेआधी पोरांना न्याहारी देतात, नव्या आईबापांना मूल कसं वाढवायचं ते शिकवतात, एकट्या म्हाताऱ्यांकडे गप्पा मारायला माणूस पाठवतात. या सगळ्याचा खरोखर काही उपयोग होतो का, हे शोधायला भावजींना बोलावतात. भावजी जातात, कोपऱ्यात बसतात, बघत राहतात, आणि शेवटी असा काही अहवाल लिहितात की वाचणाऱ्याला आपल्या जन्माचा तरी काय उपयोग झाला अशी शंका यावी.

"छान" हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. त्यांचा शब्द म्हणजे "कशाच्या तुलनेत?" एखाद्या उपक्रमाने फायदा झाला म्हणता, तर तो उपक्रम नसता तर काय झालं असतं ते आधी सांगा, असं त्यांचं म्हणणं. कामापुरतं हे ठीक आहे, पण काम कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं हे भावजींना कधी कळलंच नाही. एका होळीला मी पुरणपोळ्या केल्या आणि हौसेने विचारलं, "कशी झालीय?" तर, "कशाच्या तुलनेत?" पुढच्या होळीला स्वतःच दुकानातल्या पाकिटातल्या पुरणपोळ्या घेऊन हजर. डोळ्यांवर माझी ओढणी बांधून घेतली आणि ह्यांना कधी माझी, कधी पाकिटातली असे घास भरवायला लावले. पोटभर झाल्यावर निकाल लागला: "फरक आहे वहिनी. पण तो तुपामुळेही असू शकतो." त्यांचं लग्न का झालं नाही, हे आता वेगळं सांगायला नको. तरुणपणी एक मुलगी बघून आल्यावर काकूंनी विचारलं, "कशी वाटली?" आणि भावजींनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला. पोचवायला आलेले मुलीचे मामा तेव्हा दारातच बूट घालत होते.

वॉटफर्डच्या आमच्या गणेशोत्सवाचंही त्यांनी एकदा मूल्यमापन केलं. विसर्जन झाल्यावर दाराशी उभे राहून प्रत्येकाच्या हातात हसऱ्या, मख्ख आणि रडक्या चेहऱ्यांची चित्रं दिली आणि तुम्हाला आत्ता कसं वाटतंय तो चेहरा डब्यात टाका म्हणाले. बाप्पा नुकतेच गेलेले. आज्यांनी डोळे पुसत रडके चेहरे टाकले, त्यांचं बघून सुनांनी टाकले, पोरांनी तर मूठमूठभर टाकले. पुढच्या बैठकीत भावजींनी गंभीरपणे कळवलं की या उत्सवामुळे माणसं आधीपेक्षा दुःखी होतात, तेव्हा तो चालू ठेवावा का याचा मंडळाने विचार करावा. अध्यक्षांना पाणी द्यावं लागलं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो, पण गेल्या हिवाळ्यात ते माझ्याच दाराशी आलं. मी दर गुरुवारी सकाळी इथल्या चर्चच्या हॉलमध्ये लहान मुलांचा खेळगट चालवते. सोलापूरहून आणलेली मोठी सतरंजी अंथरायची, त्यावर खेळणी मांडायची, गाणी, साबणाचे फुगे, मग संत्र्याच्या फोडी. मुलं खेळतात आणि त्यांच्या आयांना एकमेकींशी चार शब्द बोलता येतात. कौन्सिलने ठरवलं की ज्या गटांचा उपयोग दिसेल तेच चालू ठेवायचे, बाकीचे बंद, आणि बघायला पाठवलं भावजींना. "ती माझी वहिनी आहे," असं त्यांनी आपणहून सांगितलं होतं; पण दुसरं कुणी मोकळं नाही, नातं अहवालात लिहा आणि खरं काय ते लिहा, असं उत्तर आलं. झालं! खरं लिहिण्याची तयारी म्हणून त्यांनी आमच्याकडचा चहा सोडला. यायचे नेहमीसारखेच, पण आपला थर्मास घेऊन.

संक्रांतीला मी वडी पुढे केली. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

भावजींनी हात पाठीमागे नेले. "सॉरी वहिनी. हे घेतलं की गोड बोलायला मी बांधला जातो. रिपोर्ट सबमिट होईपर्यंत नाही जमणार."

"अरे दादा, वडी आहे ती, काँट्रॅक्ट नाही!" हे म्हणाले. भावजींनी थर्मासचं झाकण उघडलं.

गटातही तेच. सतरंजीवर पाय ठेवायचा नाही, मुलांशी बोलायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. नाहीतर गटाचा परिणाम कुठला आणि आपला कुठला हे कळणार नाही, असा त्यांचा नियम. सतरंजीच्या कडेला एका इवल्याशा निळ्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसायचे. मुलांनी त्यांना सामानात जमा केलं होतं. एकाने तर जाताना त्यांच्या गुडघ्यावर टोपी अडकवली आणि पुढच्या आठवड्यात येऊन तिथेच शोधली.

गटात रूबी नावाची एक मुलगी यायची. तीन वर्षांची होत आली होती, पण तोंडातून शब्द नाही. तिची आई ग्रेस म्हणजे जेमतेम विशीबाविशीची पोर, एका दुकानाच्या वरच्या खोलीत मुलीला घेऊन एकटीच राहायची. "हे बंद झालं ना," ती मला एकदा कप विसळता विसळता म्हणाली, "तर गुरुवारसुद्धा बाकीच्या दिवसांसारखाच होईल." आम्ही सगळ्याजणी रूबीला बोलकं करायला बघायचो. बॉल म्हण, डक म्हण, बाय म्हण. ती आमच्यापासून लांब सरकत सरकत एक दिवस निळ्या खुर्चीपाशी जाऊन बसली, ती मग दर गुरुवारी तिथेच.

भावजी गांगरले की त्यांच्यातलं नागपूर वर येतं. "वहिनी," ते ओठ न हलवता पुटपुटले, "ही पोरगी माझ्याकडे काहून पाहून राहिली?"

"इथे तुम्ही एकटेच तिला बोल बोल म्हणत नाही ना, म्हणून."

रथसप्तमीच्या आधीचा गुरुवार होता. तीळ कुणाला बाधत नाहीत ना, हे आयांना विचारून मी मऊ लाडू नेले होते. एकमेकांना भरवायचे आणि "गोड बोला" म्हणायचं, असा खेळ केला. मुलांनी लाडवांचा चुरा केला आणि आरडाओरडा केला. रूबी मात्र आपला लाडू घेऊन उठली, सतरंजी ओलांडून गेली आणि तो तिने भावजींच्या नाकासमोर धरला. भावजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हसू आवरेना. घ्यावा तर परिणाम होतो, नाही म्हणावं तर तोही परिणामच! शेवटी त्यांनी हळूच हात पुढे केला. रूबीने लाडू त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गोड बोला."

ग्रेसच्या हातून चहा सांडला. "बोलली ना ती? काय अर्थ त्याचा?" असं विचारत ती एकीकडे रडत होती. मीही रडत होते. रूबीने भावजींचं बोट धरून ओढलं. भावजी उठले, वाकून आधी बूट काढून ठेवले आणि फाटक्या मोज्यासकट सतरंजीवर येऊन मांडी घालून बसले. लाडू तोंडात होता.

संध्याकाळी आमच्याकडे आले ते डोकं धरूनच. "सगळा डेटा गेला, वहिनी."

"अहो, पोरगी बोलली!"

"पण कशामुळे? गटामुळे, माझ्यामुळे, की आता तिचं बोलायचं वय झालं म्हणून? मी कसं सांगू?"

"गटामुळे म्हणून लिहा ना. तुमचं काय जातं?"

"खरं लिहिणं. तेवढंच तर जातं," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी घडलं तसं लिहिलं. मूल बोललं. मराठीत बोललं. कशामुळे ते सांगता येत नाही, कारण निरीक्षक स्वतःच सतरंजीवर जाऊन बसला. सबब दुसरं कुणी पाठवावं. मला इतका राग आला की बरेच दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही, ना गोड ना कडू. घरचा माणूस म्हणून काही उपयोग नाही, असं ह्यांना दहादा ऐकवलं.

नंतर दुसऱ्या बाई आल्या. त्या आल्या आल्या सतरंजीवरच बसल्या आणि संत्री खाऊन गेल्या. आजूबाजूचे बरेच गट बंद झाले, आमचा तूर्तास राहिला. भावजींना मात्र कौन्सिलने पुन्हा कुठे बघायला पाठवलं नाही. मी तटस्थ राहू शकलो नाही, असं जो स्वतःच लिहून देतो त्याला कोण पाठवणार? आता घरी बसून आकडेमोड करतात. ते कधी बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटतं. पोराबाळांच्या, आयाबायांच्या घोळक्यात या माणसाला आयुष्यभर बसायला मिळालं ते सामील न होण्याच्या अटीवर, आणि अट एकदाच मोडली तर तेही गेलं.

हल्ली गुरुवारी ते ईलिंगहून गाड्या बदलत येतात आणि माझ्याआधी हॉलच्या दाराशी उभे असतात. सतरंजी तेच अंथरतात. रूबी आता बोलायची थांबत नाही. "गोड बोला" हे त्यांचं नावच आहे अशी तिची समजूत आहे, "गोडबोला, सिट डाऊन!" असा हुकूम सुटला की भावजी बसतात.

परवा सगळे गेल्यावर मी चहा ओतला. आमच्याकडचा चहा त्यांना आता चालतो. सवयीने विचारलं, "कसा झाला आजचा गट?"

"छान झाला," भावजी म्हणाले.

मी किटली खाली ठेवली. इतक्या वर्षांनी संधी आली होती, ती कशी सोडणार? "कशाच्या तुलनेत?"

भावजी सतरंजीची घडी घालत होते. कडेचा चुरा त्यांनी झटकला.

"घरी बसण्याच्या," ते म्हणाले, आणि कपासाठी हात पुढे केला.